ओहोटी बघून जंगलात शिरा : डेन्ट्रीच्या वर्षावनात दोघांचा एक दिवस

ऑस्ट्रेलियातल्या डेन्ट्रीच्या जंगलात निघालेला प्रत्येक जण आधी विचारतो, कासोवरी, तो माणसाएवढा उंच पक्षी, दिसेल का? मी म्हणते, त्याआधी बघा, त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे.

आम्ही दोघं मूळचे कुडाळकडचे, आता राहायला ब्रिस्बेनला. डेन्ट्रीला तीनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला अकरा ठिकाणांची यादी केली होती. अकराही उरकली, आणि प्राणी म्हणाल तर पार्किंगमधला एक सरडा. तिसऱ्या खेपेला चारच ठिकाणं धरली, वेळा ओहोटीवरून ठरवल्या, आणि तेवढ्या एका दिवसात जे दिसलं ते आधीच्या दोन फेऱ्यांत मिळून दिसलं नव्हतं. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या किंवा भारतातून फिरायला येणाऱ्या दोघांसाठी तोच दिवस इथे सविस्तर मांडते आहे.

आधी जागेची ओळख. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाकडे क्वीन्सलंड राज्यात, केर्न्स शहराच्या उत्तरेला हे जंगल आहे. जगातल्या सर्वांत जुन्या वर्षावनांत ते गणलं जातं. भारत आणि ऑस्ट्रेलिया गोंडवन खंडात एकत्र होते, त्या काळच्या वनस्पतींचे वंशज इथे अजून उभे आहेत. १९८८ साली हा पट्टा जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या समोरची प्रवाळभिंत, ग्रेट बॅरियर रीफ, १९८१ पासूनच त्या यादीत होती. हे दोन वारसे जिथे एकमेकांना टेकतात तिथे झाडाची फांदी सरळ समुद्रावर येते. कोकणात डोंगर आणि समुद्र यांच्या मधे गाव असतं, वाडी असते, शेत असतं. इथे मधे काहीच नाही.

ही जमीन ईस्टर्न कुकू यलांजी या मूळ रहिवाशांची. सप्टेंबर २०२१ मध्ये डेन्ट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी त्यांना परत मिळाली आणि आता ते सरकारच्या जोडीने कारभार बघतात. पाट्यांवर वालू वुगिरिगा, कुल्की अशी नावं दिसतील. ती त्यांच्या भाषेतली आहेत.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर. पाऊस कमी, हवा सुखाची. डिसेंबर ते एप्रिल इथला पावसाळा. या जंगलातल्या केप ट्रिब्युलेशनला वर्षाला साधारण ४ हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा याच महिन्यांत. कोकणातला माणूस म्हणेल, पावसाला काय भ्यायचं! पण इथे ओढे रस्त्यावरून वाहतात आणि वादळं येतात. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळानंतरच्या पुराने दरडी कोसळल्या आणि रस्ता दीर्घकाळ बंद राहिला. म्हणून कुठल्याही महिन्यात गेलात तरी आदल्या रात्री क्वीन्सलंड सरकारच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती आणि उद्यानातल्या वाटांच्या सूचना बघाच.

समुद्रात पोहायचं मनात असेल तर आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर ते मे पाण्यात विषारी जेलीफिश असतात, त्यातली बॉक्स जेलीफिश जिवावर बेतणारी. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या दिसतात, त्या डंखावर ओतण्यासाठी. पण मगरीमुळे आम्ही समुद्रात पाय घालायचा बेत बाराही महिने रद्द ठेवतो. त्याबद्दल पुढे.

आदल्या रात्रीची तयारी

मुक्काम पोर्ट डग्लस किंवा मॉसमन या जंगलाअलीकडच्या गावी करा. जंगलात जायला डेन्ट्री नदी फेरीबोटीने ओलांडावी लागते. केर्न्सहून ही फेरी शंभरेक किलोमीटरवर, म्हणजे दीड-पावणेदोन तास. पोर्ट डग्लसहून पाऊण तास. तेवढी एक तासाची झोप आणि पहाटेचं जंगल, दोन्ही पदरात पडतं.

मग भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा. केर्न्स किंवा पोर्ट डग्लसचं चालेल. ओहोटीची वेळ कागदावर लिहून काढा. खारफुटीतली वाट ओहोटीच्या आसपास करायची, कारण चिखल उघडा पडल्याशिवाय त्यातलं कोणी बाहेर येत नाही. नदीतली मगर बघायची असेल तरी ओहोटीच बरी, काठ उघडे पडतात. पहाट आणि संध्याकाळ मात्र कोष्टकाला द्यायची नाही, ती कासोवरीची. आमच्या त्या दिवशी ओहोटी दुपारी साडेबाराला होती, त्यामुळे पहाटे जंगल, दुपारी खारफुटी, परतताना नदी असा क्रम जमला. तुमच्याकडे ओहोटी सकाळी नऊला असेल तर नदी आधी करा.

बाकीची तयारी थोडक्यात. गाडीची टाकी मॉसमनला भरा, नदीपलीकडे पेट्रोल महाग. पलीकडे बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या. विजेच्या तारासुद्धा नदीपलीकडे गेलेल्या नाहीत. तिथली घरं आणि हॉटेलं सौरऊर्जेवर नाहीतर जनरेटरवर चालतात. त्यामुळे वाटेत फोन चार्ज करू म्हणून निघू नका, गाडीतली सोय करून जा.

सामानात दुर्बीण हवीच, आणि दोघांत एक असेल तर भांडण ठरलेलं, म्हणून दोन. पूर्ण पँट, मोजे, मळखाऊ रंगाचे कपडे, डासांचं मलम, प्रत्येकी दोन लिटर पाणी. जळवा असतात, पण आंबोलीच्या पावसाळ्यात फिरलेल्याला त्यांचं काय कौतुक! जेवणाचा डबा घरून. आम्ही धपाटे, लोणचं आणि उकडलेली अंडी नेतो. पलीकडे दोन-चार खाण्याच्या जागा आहेत, पण दुपार कलली की बऱ्याच बंद होतात. आमची पहिली खेप शेवटी चिप्सच्या पुड्यावर निघाली होती.

भारतातून थेट येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. ट्रेकचे बूट सह्याद्रीचा चिखल तसाच ठेवून बॅगेत टाकू नका. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर माती, बिया, खाण्याचे पदार्थ सगळं जाहीर करावं लागतं, नाहीतर दंड जबर असतो. बूट घासूनपुसून आणा आणि तरीही जाहीर करा. यात नुसता सरकारी खाक्या नाही. मुळं कुजवणारा बुरशीसारखा एक जीव मातीतून पसरतो आणि त्याने इथली झाडं मरतात. म्हणूनच एका जंगलातून दुसऱ्यात जातानाही बुटांचे तळवे घासायची पद्धत आहे.

पहाटे सहा : नदी ओलांडणं

पलीकडे जाण्याची फेरी म्हणजे लोखंडी दोरावर ओढली जाणारी, गाड्या नेणारी होडी. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालते. आरक्षण नसतं, रांगेत गाडी लावायची. परतीचं तिकीट एकदमच काढा आणि पावती सांभाळा. पार व्हायला पाचेक मिनिटं लागतात. सुटीच्या दिवसांत नऊनंतर रांग लांबते, सहा-साडेसहाला चार गाड्या. पूल बांधावा की नाही यावर इथे वर्षानुवर्षं वाद झाले. मला विचाराल तर फेरीच बरी. पूल झाला की घाईत असलेला माणूसही सहज पलीकडे येईल.

पलीकडे उतरलं की रस्ता लगेच चढाला लागतो आणि वरून झाडं मिटतात. डांबरी आहे, अरुंद आहे, वळणं करूळ घाटासारखी. वेगाची मर्यादा कमी आहे आणि ती पाळायचं कारण पिवळ्या पाट्यांवर चितारलेलं आहे. कासोवरी मरतात त्या मुख्यतः गाड्यांखाली, कुत्र्यांमुळे आणि जंगल तुटल्यामुळे.

वालू वुगिरिगा या घाटमाथ्यावरच्या ठिकाणी थांबा. खाली डेन्ट्री नदीचं मुख आणि त्याच्यापुढे समुद्र दिसतो. धुकं असेल तर ते विरायची वाट बघू नका, पाच मिनिटांत निघा.

जिंदाल्बा आणि कासोवरी

पहिला मोठा थांबा जिंदाल्बाची फळ्यांची वाट. सातशे मीटरची आहे, पंधरा मिनिटांत संपते. आम्ही तिथे दीड तास काढला. तुम्हीही तासभर धरा.

अर्धी वाट चालून एका कठड्याला टेका आणि दहा मिनिटं बोलायचं नाही. हे दोघांना अवघड जातं. नवरा तिसऱ्या मिनिटाला "डबा गाडीतच राहिला का?" म्हणून कुजबुजला. पण जंगल खरंच सहा-सात मिनिटांनी पुन्हा सुरू होतं. आधी आवाज, मग हालचाल. माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, हाताच्या अंतरावर खोडाला बॉइड्स फॉरेस्ट ड्रॅगन हा सरडा चिकटलेला होता आणि मी त्याच्याशेजारी पाच मिनिटं उभी होते. मानेवर पांढऱ्या टोकदार खवल्यांची रांग, गळ्याखाली पिवळसर पिशवी. मी डावीकडे सरकले की तो खोडाच्या उजवीकडे सरकायचा. पळत नाही, खोड मधे ठेवतो. असे सरडे शोधायचे तर बारीक-मध्यम खोडांवर जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत नजर फिरवा.

आता कासोवरी. शहामृग आणि इमूच्या गोतावळ्यातला, उडता न येणारा, माणसाएवढा उंच पक्षी. मादी मोठी, ७० किलोच्याही वर जाते. काळी पिसं लांबून नारळाच्या काथ्यासारखी दिसतात. मान निळी, गळ्याशी लाल कातडीचे दोन लोंबते पदर, डोक्यावर शिंगासारखा उंचवटा. मादी अंडी घालून निघून जाते. सुमारे पन्नास दिवस अंडी उबवतो आणि पुढे कित्येक महिने पोरं सांभाळतो तो नर.

तो शोधण्याआधी त्याची विष्ठा शोधा. वाटेवर जांभळट-तपकिरी रंगाचा, म्हशीच्या पोवासारखा ढीग आणि त्यात सुपारीएवढ्या अख्ख्या बिया दिसल्या की तो इथून गेला आहे. फळं सोलत नाही, चावत नाही, गिळतो, आणि बिया जशाच्या तशा दूर नेऊन टाकतो. रायपरोसा नावाचं इथलं एक दुर्मीळ झाड आहे. त्याच्या नुसत्या पडलेल्या बियांपैकी शंभरात चार रुजल्या, तर कासोवरीच्या पोटातून गेलेल्या ९२ रुजल्या. मोठ्या फळांच्या कितीतरी झाडांना लांब नेणारा दुसरा कोणीच नाही. ढिगावर कोवळे कोंब फुटलेले असतील तर तो जुना, बिया ओल्या आणि माश्या घोंघावत असतील तर थांबण्यात अर्थ आहे.

आम्हाला तो वाटेवर भेटला नाही. आम्ही गाडी काढली आणि शंभर मीटरवर तो रस्त्यात उभा. मागे दोन पिल्लं, अंगावर रानडुकराच्या पिल्लांसारखे लांबट पट्टे. इंजिन बंद केलं. पिल्लं रस्त्याच्या मधोमध पडलेलं एक निळं फळ टोचत बसली आणि बाप आमच्या बॉनेटकडे बघत उभा राहिला. मागून एक गाडी आली, तिनेही इंजिन बंद केलं. अकरा मिनिटं कोणी हॉर्न वाजवला नाही.

पायी असताना समोर आला तर पळू नका, पाठ फिरवू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरका, मधे झाड येऊ द्या, नाहीतर पाठपिशवी छातीपुढे धरा. त्याच्या आतल्या बोटाची नखी सुऱ्यासारखी, १२ सेंटिमीटरपर्यंत लांब असते. पिल्लं बरोबर असतील तर अंतर दुप्पट ठेवा. खायला काही टाकू नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय माणसाकडून खायची सवय लागलेला पक्षी गाड्यांजवळ येतो आणि मरतो.

दुपार : मार्जाची खारफुटी

ऑलिव्हर क्रीकजवळची मार्जाची वाट माझी लाडकी. सुरुवात घनदाट जंगलात, शेवट खारफुटीत. ओहोटीच्या तासभर आधी पोचा.

जंगलाच्या भागात पंख्यासारख्या गोल पानांचे लिकुआला माड आहेत. खाली उभं राहून वर बघा, प्रत्येक पान चाकासारखं दिसतं. वेतही आहे आणि तो आपल्या वेतासारखाच काटेरी आहे. त्याच्या बारीक आकड्यांच्या दोऱ्या वाटेवर लोंबतात. माझी ओढणी धरली तेव्हा मी पुढे ओढली, आणि ती आणखी रुतली. इथले लोक त्याला 'जरा थांब' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. सोडवायची रीत तीच, थांबायचं आणि एक पाऊल मागे जायचं.

याच जंगलात इडिओस्पर्मम नावाचं झाड आहे. फुलझाडांच्या अतिप्राचीन घराण्यातलं. १९०२ साली त्याचे नमुने गोळा झाले होते, पण नंतर त्या जागी ऊस लागला आणि झाड संपलं असं समजलं गेलं. १९७१ मध्ये डेन्ट्रीतल्या एका शेतकऱ्याची गुरं अचानक मेली. विषप्रयोगाचा संशय आला. तपासणीत गुरांच्या पोटात मोठाल्या, अनोळखी बिया सापडल्या आणि त्या बियांनी झाडाचा पत्ता दिला. आपण शाळेत एकदल आणि द्विदल शिकलो. ह्या बीला तीन-चार दलं असतात.

मग चिखल लागतो आणि घरी आल्यासारखं वाटतं. तिवराची वर आलेली मुळं, कांदळाचे टेकू, एक पंजा मोठा असलेले खेकडे, आणि निवट्या! चिखलावर कोपरांनी सरपटणारे तेच मासे. आमच्याकडे त्या कालवणात जातात, इथे त्यांचे फोटो काढतात. सुंदरबनातल्या सुंदरीचा एक भाऊबंदही इथे आहे. खोडापासून निघणाऱ्या त्याच्या मुळांच्या भिंती नागमोडी वळत जातात, त्यामुळे लगेच ओळखू येतो.

परतताना नवऱ्याने कठड्यावर हात ठेवला आणि पटकन उचलला. "अगो, हे हुमले मां!" पानं शिवून घरटं करणारे आपल्या आंब्यावरचे हुमले, जात तीच, फक्त ढुंगण हिरवं. चावही तोच. कठड्यावर हात ठेवण्याआधी बघा, एवढी सूचना पुरे.

एका झाडाबद्दल मात्र गंमत नाही. जिम्पी-जिम्पी. रस्त्याकडेला, झाड पडून उजेड आलेल्या जागी वाढतं. कमरेएवढं झुडूप, हृदयाच्या आकाराची मोठी, कातरलेल्या कडांची मऊशार पानं. त्या मऊपणात काचेसारखी बारीक कुसं असतात. ती कातडीत रुतली की वेदना आठवडे, कधी महिने पुन्हा पुन्हा उठते. आपली खाजकुयली यापुढे खेळणं. पान कुरवाळून बघायची सवय असलेल्यांनी हात खिशात ठेवावेत. फळ्यांची वाट सोडली नाही तर गाठ पडत नाही.

केप ट्रिब्युलेशन आणि काय सोडायचं

जेवण केप ट्रिब्युलेशनच्या किनाऱ्यावर, झाडाच्या सावलीत. ११ जून १७७० च्या रात्री कॅप्टन कुकचं एन्डेव्हर जहाज इथून जवळच प्रवाळावर आदळलं. माझ्या संकटांना इथून सुरुवात झाली म्हणून त्याने या टोकाला हे क्लेशाचं नाव दिलं. यलांजी लोकांसाठी ते त्याआधीही कुल्की होतं आणि आताही आहे.

इथून उत्तरेला ब्लूमफिल्डचा कच्चा रस्ता सुरू होतो. १९८३ मध्ये तो काढायला बुलडोझर आले तेव्हा लोक झाडांवर चढून आणि मातीत स्वतःला पुरून घेऊन आडवे आले होते. रस्ता झालाच, पण त्या गदारोळाने हे जंगल देशभर पोचलं आणि पाच वर्षांत जागतिक वारसा ठरलं. तुमच्या भाड्याच्या गाडीला त्या रस्त्यावर जायची परवानगी बहुधा नसेल, करार वाचा. आपण इथूनच मागे फिरायचं.

दुपारी दोन-अडीचला हात शिवशिवतात, अजून एक वाट करू, तो मनोरा बघू. जंगलातल्या माहिती केंद्राचा २३ मीटर उंच मनोरा चांगला आहे, शेंड्यांच्या पातळीवरून जंगल दिसतं. पण तो घेतलात तर नदी सोडा. दोन्ही बसवायला गेलात तर गाडी हाकण्यात दिवस जाईल. उन्हं असतील तर गाडीजवळच थांबून युलिसिस फुलपाखराची वाट बघणं मला जास्त आवडतं. आपल्या नीलवंताचं हे नात्यातलं. उडताना विजेसारखा निळा चमकतो, बसला की पंख मिटतो आणि वाळकं पान होतो.

चारच्या सुमारास : नदी आणि मगर

फेरीच्या आसपास तासाभराच्या नौकाफेऱ्या मिळतात. शेवटची किती वाजता सुटते ते सकाळीच विचारून ठेवा. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, मगरी ऊन खायला काठावर येतात. उन्हाळ्यात पाण्यातच राहतात आणि दिसल्या तर दोन डोळे दिसतात. ही खाऱ्या पाण्यातली मगर, चिपळूणला वाशिष्ठीत पहुडलेल्या मगरीपेक्षा खूप मोठी आणि आक्रमक. एकेकाळी कातड्यासाठी तिची इतकी शिकार झाली की १९७४ मध्ये क्वीन्सलंडने तिला संरक्षण दिलं, आणि आता ती पुन्हा सगळ्या नद्या, खाड्या, किनाऱ्यांवर आहे.

नियम सोपा आहे. पाण्याच्या कडेपासून पाच मीटर दूर राहायचं. गुडघाभर पाण्यात फोटो नाही, ओढ्यात पाय धुणं नाही, एकाच जागी दोनदा काठाशी जाणं नाही, कारण ती बघून ठेवते. पाटी नाही म्हणून मगर नाही असं धरू नका. हे वाचून हसाल, पण थॉर्नटन बीचवर आमच्यासमोर एक जोडपं सेल्फीसाठी ओढ्याच्या तोंडाशी उतरलं होतं आणि त्यांच्यामागे पाटी होती.

सूर्य बुडायच्या आधी फेरी पार करा. अंधार पडल्यावर वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, रस्त्यावर येतात आणि भाड्याच्या गाडीचा विमा रात्रीच्या प्राण्यांना धरून असतो की नाही ते करारातच कळतं. रात्रीचं जंगल बघायचंच असेल तर पलीकडे एक रात्र राहून स्थानिक वाटाड्याबरोबर निघा. बॅटरीच्या उजेडात जिंदाल्बाला दिसलेल्या जातीचे ते सरडे बारीक फांद्यांना कवटाळून झोपलेले दिसतात, आणि दिवसा वीस मिनिटं शोधलेला प्राणी रात्री वीस सेकंदांत सापडतो.

पोर्ट डग्लसला जाऊन निवांत जेवू असं मनाशी ठरवू नका, तिथली बरीच स्वयंपाकघरं आठ-साडेआठला आवरतात. आम्ही फेरीच्या रांगेतच उरलेले धपाटे काढले. डोक्यावरून वटवाघळांची रांग नदी ओलांडत होती आणि लोणच्याची बाटली कुठे ठेवली यावर आमचा वाद चालू होता.